उजवा खिसा, डावा खिसा

"ही खुर्ची रिकामी आहे का?"

असा प्रश्न आमच्या वॉर्डात कुणी विचारत नाही. भेटीची वेळ झाली की नातेवाईक लोंढ्याने आत शिरतात, दिसेल ती खुर्ची ओढतात आणि मग तिच्यावरून आपसात वादही घालतात. पण भिंतीकडच्या शेवटच्या पलंगाजवळच्या खुर्चीला कुणी हात लावत नसे. तिच्यावर मी घडी केलेल्या चादरी ठेवायचे. त्या पलंगावरच्या आजींना भेटायला कधी कुणी येतच नव्हतं, मग खुर्ची नुसती कशाला अडवायची?

मी वळून बघितलं. उंच, खांद्यात जरासा वाकलेला एक माणूस. छत्री बाहेर ठेवून आला होता, पण चष्म्यावर पावसाचे थेंब तसेच होते. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात तर नाही ना शिरलो, असा काहीतरी चेहरा.

"आजींकडे आलात?" मी विचारलं. माझ्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की तोच ओशाळला.

"हो. म्हणजे... त्यांची हरकत नसेल तर."

आणि मग तो चक्क आजींपाशी वाकला आणि म्हणाला, "मी इथे बसलो तर चालेल का तुम्हाला?"

आजींचं उजवं अंग अर्धांगवायूने गेलेलं. वाचाही गेलेली. पण कळत सगळं होतं. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही, हे आमचं ठरलेलं. लोक मात्र त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत, नाहीतर बोलतच नसत. त्यांना कुणी परवानगी विचारल्याचं मी पहिल्यांदाच बघत होते. आजींनी त्याला निरखून घेतलं आणि सावकाश, एकदाच, पापणी मिटली.

मी चादरी उचलल्या. "कोण लागता तुम्ही त्यांचे?"

"भाचा म्हणा."

"म्हणा?"

"भाचाच," तो घाईघाईने म्हणाला.

मी नळावर जाऊन हात धुतले, येऊन आजींची उशी सारखी केली, पुन्हा जाऊन हात धुतले. वळले तर तो माझ्या हातांकडे बघत होता. चोरून नाही, चांगलं टक लावून. माझी नजर गेली तसे त्याने डोळे फिरवले आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

मी माझे हात पाठीमागे लपवले. सांगायलाच हवं, ते हात काही बघण्यासारखे नाहीत. दिवसभर साबण आणि पाणी, म्हणून बोटांच्या पेरांवर भेगा, नखं मुळापर्यंत कापलेली. त्या हातांकडे तोवर कुणी बघितलं नव्हतं आणि बघावं असं मला वाटलंही नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना मात्र मी बसमध्ये दोनदा स्वतःच्याच हातांकडे बघितलं.

घर म्हणजे एक खोली. खिडकी आहे, पण ती उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, इतकी जवळ की पडदा लावायचीही गरज नाही. पाऊस पडतोय की थांबलाय हे मला पाइपातल्या पाण्याच्या आवाजावरून कळतं. एका माणसापुरता स्वयंपाक करायचा, एकच ताट घासायचं. रविवारी दादाचा फोन येतो, मग वहिनी फोन घेते आणि "काही विशेष?" म्हणून विचारते. विशेष म्हणजे काय ते आम्हा दोघींनाही ठाऊक असतं. मी म्हणते, "काही नाही गं, ड्युटी चालू आहे."

मला एकटं वाटायचं, सरळ सांगते. दिवसभर मी माणसांना हात लावते, त्यांना उठवते, कुशीवर वळवते, त्यांचे केस विंचरते, कपाळ चेपते. पण मला कुणी हात लावत नाही. हे एकदा लक्षात आलं आणि मग विसरताच येईना.

त्याच सुमाराला रुग्णालयाच्या गुणवत्ता विभागाने बक्षिसाची टूम काढली होती. जंतुसंसर्ग कमी करायचा, तर प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात धुतले पाहिजेत. नियम जुनाच, पण पाळतो कोण? म्हणून आता गुप्त निरीक्षक येणार, कोण धुतं, कोण नाही ते मोजणार आणि जो वॉर्ड पहिला येईल त्याच्या नर्सेसना वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली विश्रांतीसाठी मिळणार. आरामखुर्च्या, चहाची किटली आणि मोठी खिडकी. आम्ही तेव्हा चादरींच्या कोठीत कपडे बदलायचो आणि उलट्या बादलीवर बसून डबा खायचो. त्या खिडकीतून मोठं झाड आणि त्याच्यामागे आभाळ दिसतं म्हणे. मला ती खिडकी हवी होती. इतकी, की कुणाला सांगायला लाज वाटावी.

मग काय, सगळा वॉर्ड निरीक्षकाच्या शोधात. माझी सोबतीण, आम्ही तिला चिमणी म्हणतो, कारण तिचं तोंड मिटत नाही, तिचा पहिला संशय ट्यूबलाइट बदलायला आलेल्या वायरमनवर. तो शिडीवर चढला की ही नळावर हजर. शेवटी तो बिचारा काळजीने म्हणाला, "ताई, तुम्हाला काही त्रास आहे का? डॉक्टरांना दाखवा की, इथेच आहेत."

मोठ्या डॉक्टरांचा प्रश्न त्याहून अवघड. ते राउंडला आले की एकाचं पोट तपासायचे आणि त्याच हातांनी पुढच्याची नाडी धरायचे. आता त्यांचा चुकलेला हातही वॉर्डच्या खात्यात जाणार. इन्चार्ज सिस्टर सॅनिटायझरची बाटली घेऊन त्यांच्यामागे हिंडायला लागल्या. "सर, हात." "मघाशी धुतले." "सर, हात." हात धुऊन मागे लागणं म्हणतात ते हेच. डॉक्टर वैतागले, पण वळण लागलं. कुणी खिडकीसाठी धुतले, कुणी भीतीने धुतले. जंतूंना काही हेतू कळत नाही, ते मरतातच.

आणि या सगळ्या गडबडीत भाचेबुवा, हेही नाव चिमणीनेच ठेवलेलं, एक दिवसाआड येऊन आजींच्या खुर्चीत बसत होते. मी त्यांच्याकडे... म्हणजे त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून नळावर जायची. आणि परत येताना बघायची. तो बघतच असायचा.

"थंडी वाजते का तुम्हाला?" एकदा मी विचारलंच.

"नाही. का?"

"हात सदा खिशात. आमच्या वॉर्डातून चमचे गायब होतात अधूनमधून, म्हणून विचारलं."

तो कानापर्यंत लाल झाला. "झडती घ्या हवी तर."

"घेईन एखाद्या दिवशी."

बोलून गेले आणि मग माझेच कान तापले. आजी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. तोंडाच्या चांगल्या कोपऱ्यातून हसत होत्या.

"काम काय करता?" मी विषय बदलला.

"मोजणी."

"कसली? जमिनीची?"

"तसंच... काहीतरी," तो म्हणाला. "दिवसभर लोकांमध्ये असतो, पण कुणाशी ओळख होऊ द्यायची नाही, असं काम आहे. घरी गेलो की मग मुद्दाम रेडिओ लावतो. कुणीतरी बोलत असावं म्हणून."

मी त्याची थट्टा करणार होते, पण केली नाही. मी घरी गेल्यावर पाइपातलं पाणी ऐकते, हे त्याला सांगावंसं वाटलं. तेही सांगितलं नाही.

तो आजींना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. त्या कंटाळल्या की हवामान सांगायचा, बाहेर किती पाऊस आहे, रस्त्यात कुणाची छत्री उलटी झाली. आमचा वॉर्ड आतल्या बाजूला, तिथे पाऊस दिसत नाही. मी पलीकडच्या पलंगाची सलाइन बदलताना मुद्दाम वेळ लावायचे आणि ऐकायचे. मधूनच कुठेतरी 'टिक' असा बारीक आवाज यायचा. पेन उघडझाप करायची खोड असेल म्हटलं, असते एकेकाला.

मग एक दिवस खुर्ची सोडून जाताना त्याने माझ्यापुढे एक छोटी ट्यूब धरली. हातांच्या भेगांचं मलम.

"हे कशाला?"

"पेरं फुटलीत तुमची. साबण लागला की झोंबत असेल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बघतो ना..." तो म्हणाला आणि थांबला. "रोज."

एक दिवसाआड येणारा माणूस 'रोज' म्हणाला. मी ते मनात कितीदा घोळवलं ते विचारू नका. त्या रविवारी वहिनीने "काही विशेष?" विचारलं तेव्हा माझ्या तोंडून नेहमीचं उत्तर निघायला जरा उशीर झाला. तेवढं तिला पुरलं. कोण, कुठला, काय करतो, सगळं झालं. "मोजणी करतो" म्हटल्यावर पलीकडून दादा ओरडला, "सरकारी आहे का विचार!" मी हसत सुटले. आपल्या खोलीत आपलाच हसण्याचा आवाज ऐकून मी दचकले.

आता जे झालं ते.

भेटीची वेळ होती. समोरच्या पलंगाची पाहुणी, भली बाई, आजींना कुणी काही देत नाही असं वाटून तिने जाता जाता त्यांच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा घातला. आजींना गिळता येत नाही, आम्ही त्यांना नळीने अन्न देतो, हे तिला काय ठाऊक? मी पलीकडे एका रुग्णाच्या पायाची जखम पुसत होते. इतक्यात आजींच्या खुर्चीकडून भाचेबुवांचा आवाज आला, "सिस्टर!" तो इतका मोठ्याने बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आजींचा चेहरा काळानिळा पडत होता. मी हातमोजे ओढून फेकले आणि धावले. मध्ये नळ होता. मी नळाकडे बघितलंसुद्धा नाही. "कुशीवर करा त्यांना, धरा घट्ट," मी म्हटलं आणि त्याने दोन्ही हात खिशातून काढून आजींना धरलं. मी बोट घालून तुकडा ओढून काढला, पाठीवर थापट्या मारल्या. एकदा, दोनदा... आणि आजींनी श्वास घेतला. घरघरत, पण घेतला.

तेव्हा मला जमिनीवर पडलेल्या दोन वस्तू दिसल्या. त्याने हात बाहेर काढताना खिशांतून पडल्या होत्या. मुठीत मावतील अशी, अंगठ्याने दाबायची दोन छोटी यंत्रं. दाबलं की आकडा पुढे सरकतो ती. एक हिरवं, एक लाल. मी एक उचललं. माझा अंगठा चुकून लागला आणि ते म्हणालं, 'टिक'.

"सिस्टर, मी सांगतो—"

"कुठल्या खिशात कुठलं?"

त्याने वाकून दुसरं उचललं.

"मी विचारतेय. उजव्यात काय आणि डाव्यात काय?"

"उजव्यात हिरवं. धुतले तर," तो खाली बघून म्हणाला. "डाव्यात लाल. नाही धुतले तर."

मला एकेक करून सगळं कळत गेलं. त्या खुर्चीवरून नळ दिसतो आणि अख्खा वॉर्ड दिसतो. आणि आजींकडे कुणी येत नाही, म्हणजे 'हा कोण?' असं विचारणारंही कुणी नाही. त्याने आजींना निवडलं ते त्यांचं कुणी नव्हतं म्हणून. आणि माझ्याकडे बघायचा ते... काय बघायचा ते तर आता माझ्या हातात होतं. मी चष्म्यामागचे डोळे बघितले होते आणि वहिनीला सांगून मोकळी झाले होते! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

"आणि आत्ताचं?" मी लाल यंत्र त्याच्यापुढे धरलं. "आत्ता धुतले नाहीत मी."

"आत्ताचं नाही मोजत मी. त्यांचा जीव जात होता."

"नियमात तसं लिहिलंय?"

"...नाही."

"मग दाबा. जखमेवरचे हात त्यांच्या तोंडात घातलेत मी. उद्या त्यांना ताप आला तर तो येण्याआधी विचारणार आहे का, सिस्टर घाईत होत्या का म्हणून? दाबा."

त्याने दाबलं. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही.

"आता उठा," मी म्हटलं. "ही खुर्ची नातेवाइकांसाठी आहे."

तो उठला. आजींची सरकलेली चादर सारखी केली. मी नळ सोडला आणि हात धुवत राहिले, भेगा झोंबेपर्यंत. मागे वळले तेव्हा खुर्ची रिकामी होती.

आजींना ताप आला नाही. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं, कुणी न सांगता आधी हात धुऊन. पण वॉर्डात माझी खैर नव्हती. चिमणीने सगळं ऐकलं होतं. "तो नाही म्हणत होता ना? मग तुला काय सत्यवचनाची हौस आली? गेली आपली खिडकी!" इन्चार्ज सिस्टर फक्त "पुरे" म्हणाल्या. पण कोठीत डबा उघडला की माझ्याजवळची बादली रिकामी राहायला लागली. एरवी सगळ्याजणी जेवायला माझ्यासाठी थांबायच्या, आता थांबेनात. मी भिंतीकडे तोंड करून जेवायची. भिंतींची मला सवय होतीच.

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. भेटीची वेळ झाली की आजी दाराकडे बघायच्या. छत्र्या झटकत लोक यायचे, आपापल्या पलंगाकडे जायचे. वेळ संपली की आजी डोळे मिटून घ्यायच्या. मला त्याचा इतका राग यायचा! मला फसवलं ते फसवलं, मी धडधाकट आहे, ड्युटी करून विसरेन. पण जिला दाराकडे बघायची सवयच नव्हती तिला ती लावून गेला.

आणि खरं सांगू? त्या वेळेला मीही दाराकडेच बघत असे.

खुर्चीवर पुन्हा चादरी ठेवायला मन होईना. मग मीच बसायला लागले तिच्यावर, जरा वेळ मिळाला की. आजींचा चांगला हात हातात घ्यायची. त्यांना पाऊस सांगायची, पण मला छत्र्या उलट्या करता येत नव्हत्या. एकदा मी म्हटलं, "आजी, एकाच माणसाने आपल्या दोघींना फसवलं हो."

आजींनी पापणी मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

"नाही? काय नाही? भाचा आहे का तो तुमचा?"

पुन्हा दोनदा. मला काहीच उमजेना आणि त्यांना सांगता येईना. त्या रागावून भिंतीकडे बघत राहिल्या. वहिनीचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "त्याची बदली झाली." ती बिचारी हळहळली. मग म्हणाली, "तू चार दिवस ये गं इकडे." मी रजा नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर टेबलाच्या खणातली मलमाची ट्यूब काढली. केराच्या डब्यावर धरली. मग झाकण उघडून हाताला लावलं आणि परत खणात ठेवली.

निकाल लागला. खिडकी शस्त्रक्रिया विभागाला मिळाली. फलकावर सगळ्या वॉर्डांची नावं ओळीने लावलेली होती, पण आमचं नाव वर नव्हतं, मध्ये नव्हतं, शेवटीसुद्धा नव्हतं. चिमणीने दोनदा वाचलं. "आपल्याला हरण्याच्याही लायकीचं समजले नाहीत," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघायचंही टाळून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी मी आजींच्या केसांची गुंतवळ सोडवत होते.

"ही खुर्ची रिकामी आहे का?"

कंगवा माझ्या हातातच राहिला. मी वळले नाही. "नातेवाइकांसाठी आहे."

"आजी, तुम्हीच सांगा यांना."

आजींनी पापणी मिटली. एकदाच. आणि इतकी घट्ट की कुणाच्या मनात शंका राहू नये.

मी वळले. त्याचा चष्मा तसाच ओला. त्याने काही न बोलता दोन्ही खिशांची अस्तरं बाहेर ओढून दाखवली. ती दोन्ही बाजूंना सशाच्या कानांसारखी लोंबत होती आणि तो गंभीर चेहऱ्याने उभा होता. मला हसू आलं. मग हसू आल्याचा राग आला.

"इतके दिवस कुठे होतात?" हे मला विचारायचं नव्हतं.

"ओळखला गेलेला निरीक्षक निकाल लागेपर्यंत त्या वॉर्डात पाऊल टाकू शकत नाही. तुमच्यावरच बालंट आलं असतं. निकाल काल लागला."

"ठाऊक आहे. आमचं नावसुद्धा नाही. एका डाव्या खिशाने एवढं केलं?"

"डाव्याने नाही." तो अडखळला. "तुमचा वॉर्ड हरला नाही, सिस्टर. मोजलाच गेला नाही. मीच साहेबांना सांगितलं, या वॉर्डातले माझे आकडे धरू नका. ते खरे नाहीत."

"का? काय खोटं होतं त्यात?"

"तुम्ही नळावर जायचात ना... मी बघायचो. मग तुम्ही परत यायचात, तेही बघायचो. मग तुम्ही त्या सलाइनपाशी उगाच रेंगाळायचात..."

"उगाच नाही!"

"...आणि मग लक्षात यायचं की दाबायचंच राहिलं. कधी दोनदा दाबलं जायचं. बाकीच्या सिस्टर धुवायच्या की नाही, देवाला ठाऊक. मी बघितलंच नाही."

आमची खिडकी का गेली ते मला आत्ता कळलं. इतके दिवस मी त्यापायी बोलणी खाल्ली, भिंतीकडे तोंड करून जेवले, आणि कारण हे! चिडावं की काय करावं?

"चिमणीला कळलं ना, तर तुम्हाला इथल्या इथे पलंग द्यावा लागेल."

"चालेल. आजींच्या शेजारचा द्या."

"आणि साहेबांनी कारण नाही विचारलं?"

"विचारलं."

"काय सांगितलंत?"

"जे खरं होतं तेच." तो चष्मा पुसायला लागला. पुसलेलाच पुन्हा पुसायला लागला. "ते म्हणाले, बावीस वर्षांत असं कारण कुणी दिलं नव्हतं."

"म्हणजे सगळ्या विभागाला माहीत आहे? मी सोडून?"

"नाही हो! फक्त साहेबांना. आणि... आजींना."

"आजींना?"

"पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी कोण, इथे का बसतो, सगळं. कुणी नाही म्हणून त्यांचा उपयोग करून घ्यायचा आणि त्यांनाच फसवायचं, हे बरं वाटेना. म्हटलं, उठ म्हणालात तर उठतो. त्या हो-नाही काहीच म्हणेनात. मग तुम्ही नळावर गेलात आणि मी तिकडे बघत राहिलो. वळलो तर या हसत होत्या. मग तेही सांगून टाकलं."

मी आजींकडे बघितलं. अर्धा चेहरा तसाच स्थिर आणि उरलेल्या अर्ध्यावर एवढं हसू की पलंगाला पुरून उरावं. त्यांच्या त्या दोनदा मिटलेल्या पापणीचा अर्थ मला तेव्हा लागला.

"ज्यांना बोलता येत नाही त्यांना सांगितलंत," मी म्हटलं, "आणि जिला..."

"आजींसारख्या तुम्ही हसला नसतात तर?" तो हळूच म्हणाला. "मला परत जाऊन रेडिओच लावावा लागला असता."

बाहेर पाऊस होता की नव्हता, त्या वॉर्डात कळायला मार्ग नाही. पण त्याच्या खांद्यांवर ओले ठिपके होते, म्हणजे असावा.

"आता पुढे?" मी विचारलं. "पुन्हा मोजणार?"

"पुढच्या खेपेला दुसरं कुणीतरी येईल. तुमच्या वॉर्डात मला यापुढे मोजता येणार नाही. मीच लिहून दिलंय तसं." त्याने खिशांची अस्तरं आत ढकलली. "त्यामुळे आता इथे यायला माझ्याकडे काही कारण नाही. नुसतं यावं लागेल."

तो हात पुढे करणार होता. मध्येच थांबला. नळाकडे गेला. कोपराने दांडी फिरवली, साबण घेतला. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं. नियमात लिहिलंय अगदी तसं, एकही पायरी न गाळता. आणि ओले हात हवेत धरून, कशालाही न लावता, परत आला.

मी कंगवा आजींच्या उशाशी ठेवला, नळावर गेले आणि माझेही धुतले. मग त्याच्या हातात दिले. ते भेगांचे, नखं कापलेले हात. यावेळी लपवले नाहीत. त्याच्या बोटांना साबणाचा वास होता, माझ्या बोटांना असतो तोच.

त्याने अंगठा माझ्या पेरांवरून फिरवला. "भेगा भरत आल्यात."

"मलम संपत आलंय," मी म्हटलं.

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. मोजणी करणाऱ्या माणसाचा चेहरा इतका बेहिशेबी खुलतो हे मला ठाऊक नव्हतं. वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला चिमणीचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि पहिल्यांदाच त्यातून शब्द निघत नव्हता.

हात लावून झाला की पुन्हा धुवायचे असतात, नियमच आहे. आजींचे केस अर्धेच विंचरून झाले होते, समोरच्या पलंगाची सलाइन संपत आली होती, आणि त्यांच्याकडे जायच्या आधी मला नळावर जावंच लागणार होतं. पण सलाइनमध्ये अजून थोडं पाणी होतं आणि आजींनी डोळे मिटून घेतले होते. म्हणून थोडा वेळ मी दुसऱ्या कुणालाच हात लावला नाही.